थिन-फिल्म लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर: वेव्हगाइड झाला म्हणजे निम्मंच काम झालं

मॉड्युलेटर म्हणजे लाइटवर इलेक्ट्रिक सिग्नल चढवणारं डिव्हाइस. या विषयात नवा आलेला माणूस पहिले काही महिने हमखास एकाच गोष्टीच्या मागे लागतो, ती म्हणजे वेव्हगाइडचा (चिपवर लाइट वाहून नेणाऱ्या वाटेचा) लॉस. साइडवॉल किती गुळगुळीत, एका सेंटीमीटरला किती डीबी, रिंगचा क्यू (लाइट तिच्यात किती टिकतो त्याचं माप) किती. मीही तेच केलं. मग चिप टेबलावर आली आणि कळलं की फायबरमधला लाइट चिपमध्ये धड शिरतच नाहीये, बायस (मॉड्युलेटरचा ठरवलेला कामाचा पॉइंट) पाच मिनिटं एका जागी थांबत नाहीये, आणि सिम्युलेशनमध्ये दिमाखात ६० गिगाहर्ट्झ दाखवणारा इलेक्ट्रोड प्रत्यक्षात १५ लाच मान टाकतोय. म्हणून हा लेख जरा उलट्या वजनाचा लिहितोय. वेव्हगाइडवर कमी आणि इलेक्ट्रोड, कपलिंग आणि बायसवर जास्त, कारण वेळ तिथेच जातो.

आधी थोडक्यात, हे मटेरियलच का

लाइटवर इलेक्ट्रिक सिग्नल चढवायचा तर व्होल्टेज दिल्यावर अपवर्तनांक बदलणारं काहीतरी लागतं. व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात तो बदलतो त्याला पॉकेल्स इफेक्ट म्हणतात, फ्रीडरिश पॉकेल्सने १८९३ मध्ये त्याचा अभ्यास केला म्हणून ते नाव. सिलिकॉनच्या क्रिस्टलची रचनाच अशी सममित आहे की त्यात हा इफेक्ट मिळत नाही, त्यामुळे सिलिकॉन मॉड्युलेटरमध्ये कॅरिअर (इलेक्ट्रॉन आणि होल) आत-बाहेर ढकलून काम भागवावं लागतं आणि त्यात फेजबरोबर लॉसही बदलतो. लिथियम नायोबेटमध्ये पॉकेल्स चांगला दणकट आहे, आर-३३ हा कोएफिशंट ३० पिकोमीटर प्रति व्होल्टच्या आसपास, आणि क्रिस्टल साधारण ०.३५ ते ५ मायक्रॉनपर्यंत पारदर्शक.

टेलिकॉममध्ये हे मटेरियल कित्येक दशकं वापरात आहे, पण जुना प्रकार म्हणजे जाड क्रिस्टलमध्ये टायटॅनियम डिफ्यूज करून वेव्हगाइड काढायचा. त्यात अपवर्तनांकाचा फरक इतका किरकोळ की मोड (वेव्हगाइडमधला लाइटचा आकार) पसरट होतो, इलेक्ट्रोड लांब ठेवावे लागतात आणि डिव्हाइस बोटाएवढं लांब होऊन बसतं. थिन-फिल्ममध्ये क्रिस्टलचा काहीशे नॅनोमीटरचा पापुद्रा ऑक्साइडवर बसवलेला असतो, फरक थेट ०.७ च्या घरात जातो, लाइट एका मायक्रॉनच्या आसपास आवळला जातो आणि इलेक्ट्रोड जवळ आणता येतात. सगळी गंमत या ‘जवळ आणता येतात’ मध्ये आहे.

पायरी १: वेफर निवडा

पापुद्रा बनतो कसा, तर क्रिस्टलमध्ये हीलियमचे आयन ठरावीक खोलीवर मारतात, तो क्रिस्टल ऑक्साइड असलेल्या सिलिकॉन वेफरला चिकटवतात, तापवतात, आणि आयन बसलेत तिथून वरचा भाग सुटून येतो. हे घरी करायचं काम नाही, वेफर तयार विकत मिळतात. तुम्ही ठरवायचं ते एवढंच:

कट. पहिल्या मॉड्युलेटरसाठी डोळे झाकून एक्स-कट घ्या. त्यात लाइट क्रिस्टलच्या वाय दिशेने जातो, फील्ड झेड दिशेने, म्हणजे इलेक्ट्रोड वेव्हगाइडच्या दोन बाजूंना सपाट ठेवून टीई मोडवर (ज्यात लाइटचं फील्ड चिपला समांतर, आडवं असतं) आर-३३ पूर्ण मिळतो. झेड-कटमध्ये फील्ड वरून खाली द्यावं लागतं, सुरुवातीला ती कटकट नको. वेफरच्या फ्लॅटवर दिशा नीट बघून घ्या, आणि लेआउट ९० अंश फिरलेलं नाही ना हे दोनदा तपासा, कारण इलेक्ट्रोड चुकीच्या दिशेला पडले तर चिप दिसायला अगदी सुंदर दिसते, फक्त मॉड्युलेशन जवळजवळ शून्य.

जाडी. ६०० नॅनोमीटर फिल्म, त्यातलं ३०० एच करायचं (कोरून काढायचं) आणि ३०० खालचा सपाट स्लॅब म्हणून ठेवायचा, हा रुळलेला आकडा. खालचा ऑक्साइड २ मायक्रॉन की ४.७ मायक्रॉन हे ऑप्टिक्ससाठी फार महत्त्वाचं नाही पण आरएफसाठी, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीच्या इलेक्ट्रिक सिग्नलसाठी आहे, ते खाली येईल. आणि सिलिकॉन हाय-रेझिस्टिव्हिटीचाच मागा. साधा सिलिकॉन घेतला तर हाय फ्रिक्वेन्सीला तोच तुमचा सिग्नल खातो, आणि नंतर इलेक्ट्रोडची डिझाइन कितीही घासूनपुसून बदलली तरी ते दुरुस्त होत नाही.

पायरी २: कागदावर हिशोब, गॅपपासून

सिम्युलेटर उघडण्याआधी हा हिशोब हाताने करा, दहा मिनिटांचं काम आहे. मॉड्युलेटर पूर्ण उजेडातून पूर्ण अंधारात न्यायला लागणारं व्होल्टेज म्हणजे व्ही-पाय. ते लांबीवर अवलंबून असतं म्हणून तुलना करताना व्ही-पाय गुणिले लांबी हा आकडा वापरतात. मॉड्युलेटरमध्ये लाइट दोन वाटांत, म्हणजे आर्ममध्ये, फुटतो. एका आर्मसाठी हा आकडा येतो: तरंगलांबी गुणिले इलेक्ट्रोडमधला गॅप, भागिले अपवर्तनांकाचा घन, भागिले आर-३३, भागिले ओव्हरलॅप.

आकडे टाकू. तरंगलांबी १.५५ मायक्रॉन, गॅप ५ मायक्रॉन, अपवर्तनांक २.१४ म्हणजे त्याचा घन साधारण ९.८, आर-३३ सुमारे ३१. ओव्हरलॅप १ धरला तर २.६ व्होल्ट-सेंटीमीटरच्या जवळ येतं. दोन आर्म पुश-पुल, म्हणजे एकमेकांच्या उलट, चालवले की निम्मं, १.३. पण सगळं फील्ड काही लाइटवर पडत नाही, ओव्हरलॅप प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून खरा आकडा २.२ ते २.८ मध्ये येऊन बसतो. २०१८ मध्ये नेचरमध्ये हार्वर्ड आणि बेल लॅब्सच्या लोकांनी दाखवलेल्या डिव्हाइसचे आकडे बघा: ५ मिलिमीटर लांबीला ४.४ व्होल्ट आणि १०० गिगाहर्ट्झ, २० मिलिमीटरला १.४ व्होल्ट आणि ४५ गिगाहर्ट्झ. गुणाकार करून बघा, आपल्याच हिशोबात बसतो.

आता मोह असा होतो की गॅप ५ चा ३ करू, व्होल्टेज आणखी उतरेल. उतरेलही, पण लाइटची शेपटी सोन्याला लागली की लॉस झपाट्याने, घातांकी पद्धतीने वाढतो, आणि गॅप अरुंद झाला की इलेक्ट्रोडचा आरएफ लॉसही वाढतो, म्हणजे दोन्हीकडून मार. गॅप कमी करत जा आणि प्रत्येक आकड्याला मेटलमुळे येणारा ऑप्टिकल लॉस मोजत जा, तो वेव्हगाइडच्या मूळ लॉसच्या बरोबरीला आला की थांबा. माझ्या अनुभवात पहिल्या चिपवर ५ किंवा ५.५ च ठेवावा, कारण लिथोग्राफीत मेटल आणि वेव्हगाइड एकमेकांवर बसवताना दोन-तीनशे नॅनोमीटर इकडेतिकडे होतातच.

पायरी ३: लेआउट

साधा माख-झेंडर (लाइट दोन वाटांत फोडून परत एकत्र आणणारी रचना) काढा. एक स्प्लिटर, दोन आर्म, एक कंबाइनर. मधे सिग्नल इलेक्ट्रोड, दोन्ही बाजूंना ग्राउंड, आणि दोन आर्म दोन गॅपमध्ये. सिग्नलला व्होल्टेज दिलं की एका गॅपमध्ये फील्ड डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, त्यामुळे पुश-पुल आपोआप मिळतं, वेगळं काही करावं लागत नाही. वेव्हगाइडची रुंदी इलेक्ट्रोडच्या भागात १.२ ते १.५ मायक्रॉन, बेंडमध्ये थोडी कमी.

बेंडच्या बाबतीत एक गोष्ट सिलिकॉनवाले लोक हमखास विसरतात. हा क्रिस्टल अॅनिसोट्रॉपिक आहे. एक्स-कटवर लाइट वळला की टीई मोडला दिसणारा अपवर्तनांक २.१४ वरून २.२१ कडे सरकतो, आणि मधल्या एखाद्या कोनात टीई आणि टीएम (उभ्या फील्डचा मोड) एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून वळण ऑयलर बेंडचं (वक्रता हळूहळू बदलणारं), ऐसपैस काढा, ८० ते १०० मायक्रॉन रेडिअस दिली तर बिघडत नाही.

आणि एक युक्ती जी पहिल्या चिपवर ठेवाच: दोन आर्मच्या लांबीत मुद्दाम १०० मायक्रॉनचा फरक ठेवा. त्याने ट्रान्समिशन स्पेक्ट्रममध्ये साधारण १०.७ नॅनोमीटरच्या अंतराने कंगव्यासारखे दाते येतात, आणि मग बायस लावायला हीटर चालू नसला, जळाला, प्रोब नीट टेकला नाही तरी लेसरची तरंगलांबी सरकवून तुम्ही हव्या त्या पॉइंटवर जाता. व्होल्टेज दिल्यावर दाते किती सरकतात त्यावरून व्ही-पाय सुद्धा कळतं. प्रॉडक्टमध्ये हे नको असतं, पण टेस्ट चिपवर यासारखी सोय नाही.

त्याच मास्कवर नुसता सरळ वेव्हगाइड, वेगवेगळ्या लांबीचे स्पायरल, एक-दोन रिंग आणि लाइटशिवायचे नुसते इलेक्ट्रोड टाका. जागा फुकट जाते असं वाटेल. मॉड्युलेटर चालला नाही तर दोष कुठे आहे हे सांगणारे साक्षीदार तेवढेच असतात.

पायरी ४: इलेक्ट्रोड, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कमी फ्रिक्वेन्सीला इलेक्ट्रोड म्हणजे नुसत्या दोन पट्ट्या. ४० गिगाहर्ट्झला तीच एक ट्रान्समिशन लाइन असते, आणि तीन गोष्टी एकाच वेळी जमवाव्या लागतात.

पहिली, वेग. आरएफ लाट आणि लाइट यांनी हातात हात घालून जायला हवं. लाइटचा ग्रुप इंडेक्स (सिग्नल किती मंद चालतो त्याचं माप) २.२५ च्या आसपास असतो. आरएफचा इंडेक्स त्यापासून ०.१ ने जरी लांब असला तर २ सेंटीमीटर लांबीला फक्त या कारणाने बँडविड्थ ६६ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकते, फरक ०.०५ वर आणला की ती दुप्पट होते. जुळवायचं कसं? खालचा ऑक्साइड जाड असला की सिलिकॉन दूर जातो आणि आरएफ इंडेक्स उतरतो, वरचं ऑक्साइड क्लॅडिंग वाढवलं की तो चढतो. म्हणजे वेफर घेताना ४.७ मायक्रॉन घ्यायचा आणि बारीक जुळणी क्लॅडिंगच्या जाडीवर करायची.

इथेच एक गाढवपणा सांगतो जो बहुतेक सगळे एकदा तरी करतात. आरएफ लाइटच्याच दिशेने गेलं पाहिजे. चिप उलटी ठेवली किंवा फायबर अदलाबदल झाले तर दोघं समोरासमोर येतात, इंडेक्सचा फरक ४.५ होतो आणि १ सेंटीमीटरचा झकास मॉड्युलेटर जेमतेम ३ गिगाहर्ट्झ दाखवतो. बँडविड्थ अशी हास्यास्पद कमी आली तर डिझाइनला शिव्या घालण्याआधी लेसर दुसऱ्या बाजूने घालून बघा.

दुसरी गोष्ट इंपिडन्स. ५० ओहमच्या आसपास ठेवा आणि टोकाला टर्मिनेशन (लाट परत फिरू नये म्हणून जुळता रेझिस्टर) द्या. थोडं कमी, ४५ पर्यंत, चालून जातं.

तिसरी, आरएफ लॉस, आणि वेग जुळला की खरी मर्यादा हीच उरते. वेग आणि इंपिडन्स दोन्ही जुळलेले असतील तर इलेक्ट्रोडचा एकूण लॉस ज्या फ्रिक्वेन्सीला ६.४ डीबी होतो तिथे मॉड्युलेटरची ३ डीबी बँडविड्थ संपते. हा आकडा पाठ करा. नुसते इलेक्ट्रोड मोजून, लाइट न लावता, तुम्हाला मॉड्युलेटर किती धावेल हे कळतं. लॉस फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाने वाढतो कारण करंट सोन्याच्या पृष्ठभागातच वाहतो, १० गिगाहर्ट्झला त्याची खोली सुमारे ०.८ मायक्रॉन. म्हणून सोनं किमान ०.८ ते १ मायक्रॉन जाड हवं, आणि मधली सिग्नल पट्टी फार बारीक नको.

यापुढचा टप्पा म्हणजे इलेक्ट्रोडच्या कडेला टी आकाराचे छोटे दात काढायचे. करंट मुख्य पट्टीतून वाहतो, जिथे गॅप मोठा, आणि व्होल्टेज मात्र दातांच्या टोकाशी, लाइटच्या जवळ मिळतं. लॉस एकदम उतरतो. पण दातांमुळे लाट मंदावते, आणि सिलिकॉनवर आधीच इंडेक्स पुरेसा असल्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त मंदावते, म्हणून लोक क्वार्ट्झचा सब्स्ट्रेट घेतात किंवा खालचा सिलिकॉन पोखरतात. दुसऱ्या चिपसाठी ठेवा हे.

पायरी ५: फॅब्रिकेशन

लिथियम नायोबेट रासायनिक पद्धतीने एच करायला गेलात तर फ्लोरिनबरोबर लिथियम फ्लोराइड तयार होतं, ते उडून जात नाही, पृष्ठभागावर बसून राहतं. त्यामुळे नेहमीचा मार्ग म्हणजे आर्गॉन प्लाझ्मा, सरळ ठोकून ठोकून उडवायचं. यात साइडवॉल उभी येत नाही, ६० ते ७० अंशांची तिरकी येते, तेव्हा सिम्युलेशनमध्ये पहिल्यापासून ट्रॅपेझॉइड काढा, चौकोन काढून नंतर रडू नका. उडालेलं मटेरियल परत भिंतीवर चिकटतं, ते अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाण्याच्या मिश्रणाने धुवावं लागतं. ही धुलाई घाईत उरकली की भिंतीवर कुंपणासारखी साल राहते आणि लॉस वाढतो.

मास्कसाठी ई-बीमचा (इलेक्ट्रॉनच्या झोताने पॅटर्न काढायचा) एचएसक्यू रेझिस्ट चालतो. क्रिस्टल इन्सुलेटर असल्यामुळे ई-बीममध्ये चार्ज साठतो, वरून कंडक्टिव्ह लेअर द्या नाहीतर पॅटर्न वाकडा येईल. आणि हा क्रिस्टल पायरोइलेक्ट्रिक आहे, तापमान बदललं की स्वतःच चार्ज तयार करतो. शिवाय सिलिकॉनपेक्षा तो तापल्यावर बराच जास्त प्रसरण पावतो. हॉटप्लेटवर गरम वेफर उचलून थंड मेटलवर ठेवलात तर तडा जाऊ शकतो, आवाजही येतो, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तापमान हळू चढवा, हळू उतरवा.

एच झाल्यावर ऑक्सिजनमध्ये ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास अॅनिल केलं (तापवून ठेवलं) की आयन मारताना झालेलं नुकसान भरून येतं आणि शोषण कमी होतं. अर्थातच मेटल टाकण्याआधी. आरएफचे पॅड जिथे वेव्हगाइड ओलांडतात तिथे मधे मायक्रॉनभर ऑक्साइड ठेवा, नाहीतर लाइट थेट सोन्याखालून जातो आणि तिथेच मरतो.

पायरी ६: लाइट आत घालणं

साध्या फायबरचा मोड १० मायक्रॉनचा, तुमचा वेव्हगाइड १ मायक्रॉनचा. लेन्स्ड फायबर (टोकाला लेन्स असलेला) वापरला तरी नुसत्या कापलेल्या कडेवर एका बाजूला ४-५ डीबी जातात, म्हणजे येता-जाता दहा. वेव्हगाइडचा लॉस अर्ध्या डीबीने कमी करायला दोन महिने घालवून इथे दहा डीबी ओतून द्यायचे, याला काय म्हणायचं? टेपर करा. पहिल्या एचमध्ये वरची रिब (स्लॅबवरचा उंचवटा) अरुंद करत संपवायची, दुसऱ्या एचमध्ये खालचा स्लॅबही निमुळता करायचा, मोड पसरतो आणि लेन्स्ड फायबरशी जुळतो. नीट जमलं तर एका बाजूला २ डीबीच्या आत येतं. ग्रेटिंग कपलर (चिपच्या वरून लाइट आत घेणारे) टेस्टिंगला सोपे, पण लॉस जास्त आणि बँडविड्थ कमी. फेसेट (चिपची कड) पॉलिश करताना घाई नको, टेपरचं टोक नाजूक असतं.

पायरी ७: मोजमाप

आधी पोलरायझेशन. कंट्रोलर फिरवून टीईवर या, नाहीतर सगळे आकडे खोटे. मग १०० किलोहर्ट्झच्या आसपास त्रिकोणी लाट द्या, आउटपुट स्कोपवर बघा, एका शिखरापासून लगतच्या दरीपर्यंत जितके व्होल्ट, तेच व्ही-पाय. इथे सापळा असा की फंक्शन जनरेटर स्क्रीनवर दाखवतो ते ५० ओहमचं लोड धरून, आणि तुमच्या इलेक्ट्रोडला टर्मिनेशन नसेल तर प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज पोचतं. व्ही-पाय अपेक्षेच्या बरोबर निम्मं किंवा दुप्पट आलं तर आनंद किंवा शोक करण्याआधी हे सेटिंग बघा.

बँडविड्थसाठी नेटवर्क अॅनालायझर आणि फास्ट फोटोडायोड, पण फोटोडायोड, केबल आणि प्रोबचा हिस्सा कॅलिब्रेशनने वजा करायला विसरू नका. डायोड तेवढा वेगवान नसेल तर दुसरा रस्ता आहे: मॉड्युलेटरला एकाच फ्रिक्वेन्सीचा साइन द्या आणि ऑप्टिकल स्पेक्ट्रम अॅनालायझरवर कॅरिअर (इथे लेसरची मूळ रेषा) आणि साइडबँडचं (तिच्या बाजूला उमटणाऱ्या रेषांचं) प्रमाण बघा, त्यातून त्या फ्रिक्वेन्सीचं व्ही-पाय निघतं. चिपवर पोचणारी पॉवर माहीत हवी. ५० ओहमला १ व्होल्ट शिखर म्हणजे १० मिलीवॅट, हे लक्षात ठेवलं की मनातल्या मनात पडताळा होतो.

पायरी ८: बायस, जो थांबत नाही

डीसी व्होल्टेज देऊन मॉड्युलेटर मधल्या पॉइंटवर ठेवायचा प्रयत्न करा आणि चहा पिऊन या, तो सरकलेला असेल. क्रिस्टल, ऑक्साइड आणि त्यांच्या सीमेवर चार्ज हळूहळू हलतात आणि दिलेलं फील्ड आतून खोडतात. म्हणूनच वरचं मोजमाप डीसीवर न करता १०० किलोहर्ट्झवर करायला सांगितलं. उपाय म्हणजे बायससाठी इलेक्ट्रोड वापरायचाच नाही, एका आर्मजवळ छोटा मेटल हीटर ठेवायचा. काही दहा मिलीवॅट खातो, संथ आहे, पण जागेवर राहतो. लेआउटमध्ये त्याचे पॅड आरएफ प्रोबच्या वाटेत येणार नाहीत एवढं बघा (माझे आले होते). प्रॉडक्टमध्ये आउटपुटचा थोडा लाइट टॅप करून हीटरवर फीडबॅक लूप लावावा लागतो, ते टळत नाही.

लाइटची पॉवर वाढवली की फोटोरिफ्रॅक्टिव्ह इफेक्टही (लाइटमुळेच अपवर्तनांक बदलणं) डोकं वर काढतो, रिंगमध्ये तर रेझोनन्स डोळ्यांदेखत सरकतो. माख-झेंडरमध्ये त्रास कमी, आणि मॅग्नेशियम ऑक्साइड डोप केलेली फिल्म घेतली तर आणखी कमी.

या ड्रिफ्टला कंटाळलेले बरेच लोक आता थिन-फिल्म लिथियम टँटलेटकडे वळतायत. २०२४ मध्ये लोझानच्या ईपीएफएल आणि शांघायच्या गटाने नेचरमध्ये त्यावरचे मॉड्युलेटर दाखवले. पॉकेल्स जवळपास तेवढाच, बायरिफ्रिंजन्स (दिशेनुसार अपवर्तनांकात पडणारा फरक) खूपच कमी म्हणजे बेंडमधली मिसळामिसळ जवळजवळ संपते, डीसी ड्रिफ्टही सौम्य, आणि मोबाइलच्या आरएफ फिल्टरसाठी हा क्रिस्टल आधीच मोठ्या प्रमाणावर बनतो. वरचा गॅपचा आणि ६.४ डीबीचा हिशोब तिथे जसाच्या तसा लागू पडतो, फक्त एचची रेसिपी आणि वेव्हगाइडची रुंदी नव्याने बसवावी लागते. पहिली चिप तरी मी नायोबेटवरच काढेन, कारण अडलात तर तुमच्याआधी त्याच जागी अडलेला कोणीतरी नक्की सापडतो.